कढीपत्त्यावरचा पाहुणा

वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथे अंगण मिळणं कठीण, पण गच्चीवर कढीपत्त्याची एक कुंडी असली, तरी फुलपाखरांना पुरते!

पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली, तर पुसण्याआधी नीट बघा. हलली? मग ती अळी आहे! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं हे सोंग. मोठी झाली की ती हिरवी होते.

ही अळी बहुधा लाईम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मनची असते. दोन्हींच्या माद्या लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर अंडी घालतात. लहान अळ्या इतक्या सारख्या, की ओळखताना आपण चुकतोच.

म्हणून रोज एक फोटो काढा: अळी, मग कोष, मग फुलपाखरू. झाडाचं पानही फोटोत येऊ द्या. फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही टिपा. मागच्या पंखांना शेपटी असेल तर कॉमन मॉर्मन, नसेल तर लाईम. तरीही शंका वाटली, तर आय-नॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाका.

फक्त एक करा, औषध फवारू नका. फोडणीत चार पानं कमी पडली, तर काय बिघडलं?