सह्याद्रीच्या अरण्यांत जातांना

सुटी लागली कीं वाघ पाहण्यासाठीं अरण्यांत जाण्याची टूम हल्लीं पुष्कळ घरांत निघते. वाघ दिसला नाहीं म्हणजे सहल फुकट गेली, असें म्हणणारांशीं आमचा मतभेद आहे.

वारणेच्या खोऱ्यांतील चांदोलीचेंच उदाहरण घ्या. हें डोंगराळ अरण्य २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, २०१० सालीं व्याघ्र प्रकल्पांत आलें आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें. मोटारींतून धांवणारास येथें थोडेंच दिसतें. परवानगीच्या वाटेनें, वाटाड्यासह, मुकाट्यानें चालणारास मात्र शेंड्यावरचें शेकरूचें घरटें, गव्याच्या खुरांचे ठसे आणि सात वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी यांची ओळख होते.

शिवाय, हें रान निर्वेध राहावें म्हणून कित्येक गांवकऱ्यांनीं आपलीं घरें, शेतें व देवळें सोडलीं. आणि त्यांतील अनेकांस बदली जमिनीसाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें. ज्या रानासाठीं कोणी आपला उंबरठा सोडला, तेथें आपण गलका करावा व कागदाचे बोळे टाकून यावें, हें आपणांस शोभत नाहीं. पालकांनीं मुलांस वाघ दाखविण्यापूर्वीं ही हकीकत अवश्य सांगावी, अशी आमची विनंती आहे.