बंदूक आहे, हुद्दा नाही



'एलियन्स' हा १९८६ चा इंग्रजी भयपट. परग्रहावरच्या भयंकर प्राण्यांशी लढायला गेलेल्या तुकडीत व्हास्केझ नावाची एक साधी शिपाई आहे. तुकडीतली अवजड बंदूक तीही वागवते. पुरुष समजून चिडवणाऱ्या जोडीदाराला एका वाक्यात गप्प करते. पण हुकूम चालतो तो एका अननुभवी लेफ्टनंटचा, आणि शेवटी त्याच्यासोबतच हातबॉम्बने तिला मरावं लागतं. (गोऱ्या नटीचा चेहरा सावळा रंगवून ही लॅटिन बाई उभी केली होती, तेही जाता जाता सांगते.)

सिनेमातलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपल्या लष्करात वैद्यकीय सेवेबाहेर अधिकारी म्हणून बायका १९९२ पासून आल्या, आणि नेतृत्व द्यायची वेळ आली तेव्हा सरकारने सर्वोच्च न्यायालयात काय सांगितलं? जवान बहुतेक खेड्यांतले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही! १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हे फेटाळलं. खेड्यांच्या नावावर हे खपवलं याचा मला फार राग आहे. आमच्या यवतमाळच्या खेड्यांत सरपंचबाईचा शब्द चालतो, भांडून का होईना.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. इथे दारव्हा रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीचे ८०० मीटर धावणाऱ्या मुली मात्र शिपाईपदापुढे बघत नाहीत. त्यांच्यातल्या किती जणी पदवीधर आहेत, फौजदाराच्या परीक्षेचा अर्ज कुणी भरलाय, एवढं गावोगावच्या गटांनी विचारून कळवावं.