डोक्याला मार लागला, पाणी मारलं, पुन्हा मैदानात! ही सवय मेंदूला किती महागात पडते?

थंडी पडली की महाड-पोलादपूरच्या गावागावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. रात्रीचे दिवे, लाऊडस्पीकरवरचा समालोचक, मैदानाभोवती दाटीवाटीनं उभी असलेली माणसं. आणि एक दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला कोपरारक्षक खाली झेपावतो, समोरच्याचा गुडघा त्याच्या कपाळावर बसतो. पोरगा दोन सेकंद तसाच पडून राहतो. कुणीतरी डोक्यावर पाणी ओततं. तो मान झटकतो, उठतो. टाळ्या वाजतात. ‘वाघ आहे वाघ!’

पण त्या दोन सेकंदांत मेंदूत नेमकं काय झालं? आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर? जगभरात हा प्रश्न सर्वाधिक गाजला तो फुटबॉलमुळे. म्हणून आधी ती गोष्ट समजून घेऊ.

एका स्ट्रायकरचा मृत्यू

जेफ अ‍ॅस्टल हा इंग्लंडचा आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबचा स्ट्रायकर. हेडरसाठी प्रसिद्ध. निवृत्तीनंतर त्याची स्मृती जाऊ लागली आणि २००२ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण नोंदवलं ‘व्यवसायजन्य आजार’. म्हणजे खाणकामगाराला खाणीतल्या धुळीनं आजार व्हावा, तसा याला चेंडूनं. २०१४ मध्ये त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यात सीटीई हा आजार आढळला.

त्याच २००२ मध्ये अमेरिकेत माईक वेबस्टर हा खेळाडू ५०व्या वर्षी गेला. तो खेळायचा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. शेवटची वर्षं त्यानं नैराश्य, विस्मरण आणि बेघरपणात काढली. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई सापडला. तिथल्या लीगनं हा संबंध बरीच वर्षं नाकारला. शेवटी २०१६ मध्ये लीगच्या एका अधिकाऱ्यानं तो अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मान्य केला.

सीटीई म्हणजे काय?

पातेल्यात दही लावलंय आणि पातेलं जोरात हलवलं, तर पातेल्याला काही होत नाही, दही मात्र फुटतं. कवटी आणि मेंदूचं साधारण असंच आहे. बाहेर टेंगूळही नसेल, तरी आत मेंदूच्या पेशींना ताण बसलेला असतो.

असे धक्के अनेक वर्षं बसत राहिले, तर काही जणांच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचं प्रथिन चुकीच्या पद्धतीनं साचत जातं. त्यातून विस्मरण, चिडचिड, नैराश्य, स्वतःवरचा ताबा सुटणं अशी लक्षणं दिसू शकतात, तीही खेळ सोडल्यानंतर अनेक वर्षांनी. अडचण अशी, की या आजाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

आकडे काय सांगतात?

२०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सामान्य लोकांशी केली. डिमेन्शियासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. पुढच्या विश्लेषणात बचावपटूंमध्ये ते सुमारे पाच पट होतं. क्वचितच हेडर करणाऱ्या गोलकीपरमध्ये मात्र ठळक वाढ दिसली नाही.

आता दुसरी बाजू. याच खेळाडूंमध्ये हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू कमी होते. नैराश्य-चिंतेसाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाणही सामान्यांपेक्षा कमी होतं. म्हणजे खेळ वाईट नाही, आणि उदास झालेल्या प्रत्येक माजी खेळाडूला सीटीई असतो असंही नाही. दोष आहे तो डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराचा.

मग आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड पाहायचं तर कोल्हापूर गाठावं. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं. रायगडात तेच प्रेम कबड्डीला मिळतं. कबड्डीत हेडर नाही, पण डोकं वाचतं असंही नाही. घोटा धरताना बचावपटूचं डोकं थेट गुडघ्याच्या रेषेत येतं. साखळी पकडीत दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात.

आणि पोरं मार लपवतात. का? कारण रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम अशा संघांतून नोकरी मिळू शकते. निवडीच्या दिवशी ‘चक्कर येतेय’ म्हणून बाहेर कोण बसेल? शिवाय गावात बसणारं भित्रेपणाचं लेबल वेगळंच.

पुढे तोच खेळाडू पस्तिशीत चिडका झाला, झोप उडाली, विसरू लागला, तर घरचे म्हणतात दारूनं झालं, किंवा बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टरांनाही कुणी सांगत नाही की हा पंधरा वर्षं कबड्डी खेळलाय. उपचार करणाऱ्यासाठी ही माहिती फार मोलाची असते.

मैदानावर काय करायचं?

पहिला नियम: शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी पुन्हा आत नाही. बेशुद्ध पडला तरच मार गंभीर, हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, स्कोअर न आठवणं, उजेडाचा त्रास ही लक्षणं पुरेशी आहेत. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, तो जिवावर बेतू शकतो.

वारंवार उलटी, झटके, वाढत जाणारी गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा, कानानाकातून रक्त किंवा पाणी दिसलं, तर लगेच १०८ ला फोन करा. महाड-पोलादपूरसाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा मुंबई-गोवा महामार्गानं पनवेल-मुंबई गाठावी लागते. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात जाणारे तास परत मिळत नाहीत.

आणखी एक. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, पेशींना बसलेला हा धक्का सहसा दिसत नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग टप्प्याटप्प्यानं सराव आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सामना.

नियम बदलतायत?

हो. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद झालं. फुटबॉलच्या नियमांत २०२४ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूसाठी जादा बदली खेळाडूची सोय आली आहे. कबड्डीला तर त्यासाठी नवा नियमही नको. संघात बारा जण असतात, मैदानात सात. पाच राखीव बाकावर बसलेलेच असतात! गरज आहे ती आयोजकांनी पंचांना आणि प्रशिक्षकांना सामन्याआधी हे बजावण्याची.

तुमच्या ओळखीतला जुना खेळाडू अलीकडे बदललाय असं वाटतंय? त्याच्याशी बोला, त्याला डॉक्टरकडे न्या आणि खेळताना बसलेल्या माराबद्दल आवर्जून सांगा. मन फारच खचलं असेल तर ‘टेली मानस’ची मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते: १४४१६.

आणि यंदाच्या सामन्यात कुणी डोकं धरून खाली बसला, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला बाकावर बसवा. पुढचा सामना खेळायला तो धडधाकट असायला हवा ना?