बैठक उठल्यावर

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, की आपल्याकडे मोकळ्या आकाशाखालच्या गाण्याचा हंगाम सुरू होतो. दिवाळीची पहाट सुरांनी उजाडते. पुढे पुण्यास १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव भरतो व कोल्हापुरातूनही रसिक मंडळी त्यासाठी मुद्दाम जातात. ज्या नगरीने अल्लादियाखांसाहेबांना दरबारी आश्रय दिला, तेथील घरांना गाण्याचे वेड असावे यात नवल ते काय? परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते बैठक उठल्यावर मागे राहणाऱ्या मैदानाविषयी.

गणपतीच्या मिरवणुकीतील डॉल्बीच्या नावाने आपल्या सुशिक्षित घरांतून बोटे मोडली जातात, आणि ते रास्तच आहे. मात्र अभिजात गाण्याची बैठक संपल्यावर सतरंज्यांच्या कडेला ज्या अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या व चहाचे पेले लोळत असतात, ते काही मिरवणुकीतील पोरांनी टाकलेले नसतात. एकदा वापरून फेकण्याची प्लास्टिकची ताटे, पेले व चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बाटल्या त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांचे फावते. कागदी म्हणून मिळणाऱ्या पेल्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. मैदानावरचा कचरा गटारात, गटारातून जयंती नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत उतरतो. त्याच नदीच्या काठी खाली इचलकरंजी आहे, आणि पुढे नरसोबाच्या वाडीस ती कृष्णेला मिळते. ज्या संगमावर आपण श्रद्धेने स्नानास जातो, तेथे आपली बाटली आपल्या आधी पोहोचलेली असावी, ही गोष्ट लाजिरवाणी नव्हे काय?

लोक ऐकावयाचे नाहीत, असे म्हणून चालकांनी हात झटकू नयेत. गणपतीचे विसर्जन पंचगंगेत न करता इराणी खणीत करावे, हे याच कोल्हापूरकरांनी मानले. तेथे तर प्रश्न श्रद्धेचा होता. इंग्लंडातील ग्लास्टनबरी येथे लाखावर श्रोते शेतात तंबू ठोकून राहतात, आणि एरवी त्या शेतात गाई चरतात. तेथे २०१९ साली पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्रीच बंद केली व नळ ठेवले. आपल्याला पाण्याचे पिंप आणि घासलेली भांडी ही काही नवलाची वस्तू नव्हे. पेल्यामागे थोडी ठेव घ्यावी आणि पेला परत आला की ती परत करावी. मग पेले हरवत नाहीत.

आवाजाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्या जागी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकास मनाई आहे. सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत सैल करता येते. यामुळे रात्रभर चालणारी बैठक गेली आणि मालकंस, दरबारी त्यांच्या खऱ्या प्रहरी ऐकण्याचे सुखही बरेचसे गेले. जाणत्यांना याची हळहळ वाटते, आणि ती खोटी नाही. तरीही नियम योग्यच आहे असे आमचे मत आहे. दसरा चौकानजीक प्रमिलाराजे रुग्णालय आहे. तेथील रोग्याला आपला दरबारी दरबारी वाटत नाही, केवळ गलबला वाटतो.

गेलेल्या रात्रीचा शोक करीत बसण्यापेक्षा सकाळ हाती घ्यावी. दिवाळीपुरतीच पहाट का? सहा वाजून गेल्यावर भैरव, तोडी, आसावरी यांना वेळ भरपूर असतो. दिव्यांची रोषणाई लागत नाही, म्हणून डिझेलचे धूर ओकणारे जनित्रही लहान पुरते. ध्वनिवर्धकापुरती वीज महावितरणाकडून तात्पुरत्या जोडणीवर घेता आली, तर तेही नको. अशा समारंभांच्या प्रदूषणात मोठा वाटा श्रोत्यांच्या येण्याजाण्याचा असतो. सकाळची बैठक उठते तेव्हा के. एम. टी.च्या गाड्या सुरू असतात. चार माणसांनी चार मोटारी काढण्याचे कारण उरत नाही.

राहता राहिला भांडी विसळण्याचा प्रश्न. तो निघाला, की चालक मंडळींची दृष्टी हटकून आपल्या घरच्या बायकांकडे वळते. त्यांनाही पहिल्या रांगेत बसून तोडी ऐकावयाची असते. तेव्हा विसळण्यासाठी माणसे नेमावीत, त्यांना चांगली मजुरी द्यावी आणि ती रक्कम बिदागीच्या शेजारीच खर्चाच्या यादीत लिहावी.