ओसरी देणाऱ्यांचा जाहीरनामा

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आपण पोरांना शिकवली आणि दाराला सेफ्टी डोअर बसवले. आमचे भांडण या म्हणीशी आहे. जीव मुठीत घेऊन आलेल्याला हातपाय पसरून झोपता यावे, यासाठीच तर ओसरी असते.

विशेष विवाह कायदा १९५४चा. लग्न करणाऱ्या दोघांपैकी एकाने नोटिशीआधी निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. मग नोटीस लागते, कचेरीच्या फळ्यावर, नावागावासकट. पुन्हा ३० दिवस. ती नोटीस भाऊबंद वाचतात, मामा वाचतो. जात किंवा धर्म वेगळा म्हणून घर सोडलेल्या पोरांनी हे दोन महिने काढायचे कुठे? मैत्रिणीची घरमालकीण तिसऱ्या दिवशी विचारते, ‘पाहुणे कधी जाणार?’

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात राज्यांना सांगितले, की जिल्ह्याच्या ठिकाणी अशांसाठी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करा. ते उभारावेत, हा हट्ट आम्ही सोडणार नाही. पण पाटी लागेपर्यंत थांबायला या पोरांना वेळ नाही. तोवर आम्ही आमच्याच घरातली खोली देणार. हे काही नवे नाही.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. म्हणीतल्या भटाचीच लेकसून दाराशी आली, आणि दार माळ्याने उघडले. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. त्याचे कौतुक आपण भाषणात करतो. गल्लीतल्या पोरीची वेळ आली की कडी लावतो.

आम्ही जात विचारणार नाही. वय विचारू, कागद पाहू. मुलगा २१चा, मुलगी १८ची नसेल तर लग्नाच्या कामात आमची मदत नाही. पोलिसांना लेखी कळवू, नातेवाइकांना पत्ता देणार नाही. भाडे नाही. ‘आईबापांचा विचार केलास का’ हा प्रश्नही नाही. तो विचार त्या पोरीने आमच्याआधी शंभरदा केलेला असतो.

आम्ही शूर नाही. दारात जमाव आला तर आमचेही पाय लटपटतील. म्हणून एकट्या घरावर भार नको, एका गल्लीत निदान तीन घरे हवीत.

तुमच्याकडे जादा खोली असेल तर ती सांगा. नसेल, तर साठ दिवसांतल्या एका रात्रीचा डबा तुमच्याकडून येऊ द्या.