युरोपची टूर, गोल्फचं मैदान आणि आपण बडोदेकर

मंडळी, जानेवारी लागला की आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत मे महिन्याच्या युरोप टूरचे हिशेब सुरू होतात. बारा दिवसांत आठ देश, रोज आपलं जेवण, सोबत आपलीच माणसं. मी एकदा टूरमधून गेलो आणि दोनदा एडिंबऱ्याला लेक-जावयाकडे राहून आलो. म्हणून चार शब्द लिहितोय. पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

टूरला मी नावं ठेवणार नाही. सत्तरीच्या माणसाला व्हिसाचे कागद जमवून देणारा आणि बॅग उचलणारा कुणी असणं ही लहान गोष्ट नाही. त्यातून ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनचा वेगळा. पण व्हेनिसला आम्हाला मिळाले चार तास. त्यातला एक तास स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला, तेही पैसे मोजून. २०२४ पासून व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी पाच युरोचा कर बसवला, तेव्हा आमच्याकडे सगळे चिडले. ही मात्र म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. आपण त्यांच्या गल्लीत उभं राहून फोटो काढतो आणि खातो बॅगेतले खाखरे." त्याच वर्षी बार्सिलोनात लोकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. त्यांच्या घरांची भाडी आपल्यासारख्यांमुळेच वाढतात, तर राग येणारच.

सुख आहे ते पायी फिरण्यात. रोममध्ये रस्तोरस्ती फुकट पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरायची आणि चालायचं. दगडी फरशांनी गुडघे बोलायला लागतात, पण बसायला बाक सापडतो आणि उठ म्हणणारा कुणी नसतो.

आता गोल्फ. हल्ली आपल्यातलीही काही मंडळी खास गोल्फ खेळायला स्पेन-पोर्तुगालला जातात. हवा छान, गवत गालिच्यासारखं, खोलीच्या दारात मैदान. न खेळणाऱ्याने मात्र दिवसभर तलावाकाठी बसायचं, कारण गाव दूर, टॅक्सी महाग. आणि त्या गालिच्याला पाणी लागतं. २०२४ च्या सुरुवातीला पोर्तुगालच्या दक्षिणेत, आल्गार्व्ह भागात, दुष्काळामुळे शेतीचं पाणी कापावं लागलं होतं. शेतकऱ्याचं पाणी तोडलेलं असताना हिरवळीवर चेंडू मारायला मला तरी मजा येणार नाही.

गोल्फ म्हटलं की आपल्याला लक्ष्मीविलास पॅलेसचं मैदान आठवतं. प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात ते युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलं. १९९० च्या दशकात ते बाहेरच्यांना खुलं झालं, पण माझ्या पिढीला गोल्फ म्हणजे भिंतीपलीकडचा खेळ. म्हणून जावई सेंट अँड्र्यूजला नेतो म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "अहो, आम्हाला आत कोण सोडणार?" ते नुसते हसले.

गेलो रविवारी. जगातलं सगळ्यात नावाजलेलं ते मैदान, ओल्ड कोर्स, एरवी रविवारी खेळाला बंद असतं. त्या दिवशी तिथे कोण होतं? कुत्री घेऊन आलेली माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, पोरंटोरं. ना तिकीट, ना दरवान. गावाचा एक रस्ताच मैदानातून आरपार जातो. ही पिढ्यान्‌पिढ्या गावाची जमीन. १८ व्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती ससे पाळणाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. गावकरी वर्षानुवर्षं भांडले, आणि १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने गावाने ती परत घेतली. इतर दिवशी खेळायचं तर मोसमात तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, शिवाय नंबर लागायला सोडत. तेही खरंच. एडिंबऱ्यात मात्र ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाच्या मोकळ्या हिरवळीवर उन्हाळ्यात कुणीही छोटा गोल्फ फुकट खेळतं.

इथे माझं मन खट्टू झालं. आपल्या सोसायटीतली पोरं आता तासाचे पैसे भरून जाळीच्या पिंजऱ्यात बॉक्स क्रिकेट खेळतात. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली कमाटी बाग लोकांसाठी करून दिली, तेव्हा गाव केवढं होतं? त्यानंतर आपण बडोदेकरांनी एका तरी मोकळ्या मैदानासाठी सेंट अँड्र्यूजच्या लोकांसारखा हट्ट धरला का? युरोपातून आपण फ्रिजवर चिकटवायची चित्रं आणतो. मला वाटतं, तिथलं पाहण्यासारखं हे आहे, आणि ते बसच्या खिडकीतून दिसत नाही.

सेंट अँड्र्यूजला 'हिमालयाज' नावाची उंचसखल हिरवळ आहे, तीही मुद्दाम सांगतो. १८६७ पासूनचा बायकांचा क्लब ती चालवतो. काठी खांद्याच्या वर उचलणं तेव्हा बायकांना शोभत नाही असं मानत, म्हणून त्यांच्यासाठी चेंडू नुसता ढकलायचा खेळ. आता थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येतो. आमच्या सौभाग्यवती जाताना तिथे खेळायचंच म्हणून बसल्यात.

कुणी जाणार असाल तर एडिंबऱ्याच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लूकर्सपर्यंत रेल्वे, साधारण तासाभराची. वाटेत १८९० सालचा फोर्थ पूल लागतो, म्हणजे आपल्या लक्ष्मीविलासच्याच वयाचा. पुढे दहा-पंधरा मिनिटं बस. फिरायला रविवारच धरा. मे महिना असला तरी कानटोपी हवी, वारा फार. थेपले न्या, पण समुद्रपक्ष्यांपासून सांभाळा, हातातून उचलतात.