‘बालेकिल्ला’ म्हणू नका : अलिबाग विधानसभा मतदारसंघाविषयी

निवडणुका आल्या की अलिबागविषयी एकच वाक्य फिरू लागते : ‘शेकापचा बालेकिल्ला’. २०१९ मध्ये शिवसेनेचे महेंद्र दळवी निवडून आले, तेव्हा हा बालेकिल्ला ‘ढासळला’. मग २००४ मध्ये काँग्रेसचे मधुकर ठाकूर येथूनच निवडून आले होते, त्याचे काय? २००९ मध्ये मीनाक्षी पाटील यांनी व २०१४ मध्ये सुभाष पाटील यांनी शेकापसाठी ही जागा जिंकली. जो किल्ला पडतो, परत उभा राहतो आणि पुन्हा पडतो, त्याला किल्ला कशाला म्हणायचे? तो मतदारसंघ आहे.

बालेकिल्ला म्हटले की किल्लेदार आला, आणि किल्लेदार आला की मतदाराची रयत झाली. मग इतिहास म्हणून उरते ती वंशावळ : नारायण नागू पाटील, त्यांचे पुत्र प्रभाकर व दत्ता पाटील, पुढे प्रभाकररावांची मुले मीनाक्षी, जयंत आणि सुभाष. वंशावळ खरी आहे. मात्र लोकांनी मते का दिली, हे तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी १९५२ च्याही मागे जावे लागते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे सभा झाली आणि खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय कुळांनी घेतला. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. भातशेतीवर जगणाऱ्या माणसांनी स्वतःच शेते ओस टाकली व लाकूडफाटा विकून दिवस काढले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३७ च्या त्या निवडणुकीत मताधिकार सारा, कर, शिक्षण अशा अटींनी जखडलेला होता. बहुसंख्य कुळांना मतच नव्हते. नांगर न धरणे हेच त्यांचे मत होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, हे सारे काँग्रेस सरकारांनी केले; मग कुळांची मते शेकापला का? कारण कायदा मुंबईत झाला, तरी गावात त्याची अंमलबजावणी कोणीतरी करवून घ्यावी लागते. कुळाचे नाव कागदावर लागले का, पीकपाहणीत काय लिहिले, तारखेला सोबत कोण आले : पक्षनिष्ठा या साध्या प्रश्नांतून घडते. घराण्याचे नाव मोठे झाले ते त्या कामामुळे. दत्ता पाटील पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, त्यामागेही हीच पुण्याई होती.

‘शेकाप म्हणजे किनाऱ्याचा पक्ष’ हीदेखील दंतकथाच. प्रस्तुत लेखन कनेरगाव नाक्यावरून होत आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीत होता, आणि १९७७ मध्ये परभणी लोकसभा मतदारसंघातून शेकापचेच शेषराव देशमुख निवडून आले. त्याच वर्षी नांदेडमधून केशवराव धोंडगे. निजामी मुलखातील या गावांत पाटील घराण्याची वंशावळ कोणाला पाठ होती?

दोष पत्रकारांचाच आहे असेही नाही. उमेदवारी घरातच फिरू लागली, तेव्हा पक्षानेही ती वंशावळच इतिहास म्हणून मिरवली.

२०२४ मध्ये दळवी पुन्हा निवडून आले आणि शेकापच्या चित्रलेखा पाटील पराभूत झाल्या. बहुतेक चर्चा पुन्हा आडनावांवरच थांबली. ज्यांना या मतदारसंघावर प्रबंध लिहायचा असेल, त्यांनी आधी अलिबाग तालुक्याचे जुने फेरफार काढावेत. कुळकायद्याने कुळांच्या नावे झालेल्या भातखाचरांपैकी किती आज त्यांच्या नातवंडांकडे आहेत आणि किती मुंबईकरांच्या बंगल्यांखाली गेली, ते मोजावे. मग २००४ आणि २०१९ चे निकाल शेजारी ठेवावेत.